बाळाचा वाटा आधी काढा: सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं घरचं जेवण

बाळ सहा महिन्यांचं झालं की बऱ्याच घरांत एक दुसरं स्वयंपाकघर उघडतं. छोटं पातेलं, वेगळी डाळ, मिक्सरचं लहान भांडं, गाळणी आणि ते सगळं दिवसातून तीनदा घासणं. पंधरा दिवसांत करणारं माणूस मेटाकुटीला येतं. खरं तर हे दुसरं स्वयंपाकघर लागतच नाही. मोठ्यांसाठी जे शिजतंय त्यातूनच, मीठ-तिखट पडायच्या आत, बाळाचा वाटा बाजूला काढायचा. मग पाहायचं ते एवढंच: तो पुरेसा मऊ आहे का, पुरेसा दाट आहे का आणि त्यात घशात अडकेल असं काही नाही ना.

सुरुवात कधी

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न, आणि त्यासोबत दूध दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची तारीख मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

वयाबरोबर तीन खुणा बघा. आधार दिल्यावर बाळ ताठ बसतं आणि मान सावरतं. चमचा तोंडात गेला की जिभेने लगेच बाहेर ढकलत नाही. समोरची वस्तू बघून, पकडून तोंडात घालतं. रात्री जास्त उठतं किंवा मुठी चोखतं, ही भुकेची खात्रीची खूण नव्हे.

उशीरही करू नका. जन्मताना सोबत आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. म्हणून पहिल्या काही दिवसांतच ताटात लोह असलेलं काहीतरी यायला हवं. नुसत्या फळांच्या गरावर महिना काढणं ही नव्या आईबाबांची नेहमीची चूक.

एका पातेल्याचा हिशेब

तांदूळ, मसूर आणि भाजी यांचं एक उदाहरण घेऊ. एकदा हात बसला की धान्य, डाळ, भाजी काहीही बदला, रीत तीच राहते.

१. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मसूर डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा. धान्य दोन भाग, डाळ एक भाग. हे प्रमाण चवीसाठी नाही. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असतं आणि मिथिओनिन डाळीत. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

२. एक गाजर आणि मूठभर भोपळ्याच्या फोडी घाला. फोडी मोठ्या ठेवल्या तरी चालतील, बाळाच्या वाट्यातल्या नंतर कुस्करता येतात.

३. कुकरमध्ये पाच वाट्या पाणी आणि मध्यम आचेवर चार-पाच शिट्ट्या. उघड्या पातेल्यात सहा वाट्या पाणी आणि साधारण ४० मिनिटं. या पायरीला मीठ घालायचं नाही. हात सवयीने डब्याकडे जातो, म्हणून पहिले काही दिवस मिठाचा डबा ओट्यावरून उचलूनच ठेवा.

४. शिजल्यावर बाळाचा वाटा वेगळ्या वाटीत काढा. अगदी सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे पुरतात. त्यात अर्धा ते एक लहान चमचा तेल किंवा लोणी. लहान चमचाभर तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी, आणि त्याने वाटी फुगत नाही. छोट्या पोटासाठी हाच सौदा फायद्याचा.

५. काट्याने किंवा मॅशरने घोटा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हवं तर गाळणीतून दाबून काढा.

६. उरलेल्यात मोठ्यांचं मीठ, तिखट, फोडणी, काय हवं ते.

मिक्सरबद्दल थोडं. बटाटा मिक्सरमधून काढला की चिकट, ताणला जाणारा गोळा होतो, कारण वेगाने फिरणाऱ्या पात्याने पेशी फुटून सगळा स्टार्च बाहेर येतो. बाळाला तो गिळता येत नाही आणि घरचे म्हणतात, "याला बटाटा आवडत नाही." बटाटा आणि भात हातानेच कुस्करा. शिवाय शिजलेला स्टार्च गार होताना घट्ट होतो. गरम असताना बरोबर वाटलेली वाटी दहा मिनिटांत लगदा होते. बाजूला थोडं उकळलेलं कोमट पाणी किंवा बाळाचं नेहमीचं दूध ठेवा आणि भरवायच्या वेळी एक-दोन चमचे मिसळा.

पातळ देऊ नका

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. बाळाला सोसेल, पचेल म्हणून डाळीचं वरचं पाणी, पातळ सूप, भाताची पेज दिली जाते. हिशेब करून बघा. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिली मावतं. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे २४० मिली, एक मोठा कप. तो पाण्याने भरला तर पोट भरलेलं आणि बाळ उपाशी. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. डाळीच्या पाण्यावर हे कधीच गाठता येत नाही.

परीक्षा सोपी आहे. चमचा भरून थोडा तिरका करा. अन्न चमच्यावर टिकून राहिलं आणि हळूहळू घसरलं तर बरोबर. पाण्यासारखं ओघळलं तर पातळ. चमचा उलटा केला तरी पडलं नाही तर फार घट्ट.

लापशी फार घट्ट झाली आणि पाणी घालायचं नाही, तर एक जुनी युक्ती आहे. मोड आणून, वाळवून दळलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते स्टार्च तोडतं आणि पाणी न घालताच लापशी सैल पडते. मात्र लापशी उकळती नको, कारण उकळीत विकर मरतं. आच बंद करून थोडी निवू द्या, पीठ घालून पाचेक मिनिटं ढवळा, सैल झाली की पुन्हा एक उकळी काढा. ही शेवटची उकळी टाळू नका. पीठ कच्चं असतं आणि ओलाव्यात मोड येताना जंतूही वाढलेले असतात. मोड सुकवताना खरपूस भाजले असतील तर मात्र हे पीठ काहीच करणार नाही, विकर तव्यावरच गेलेलं असतं.

किती आणि कितीदा

सहा ते आठ महिने: दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून वाढवत २५० मिलीच्या कपाचा अर्धा. नऊ ते अकरा महिने: तीन-चारदा, दर वेळी अर्धा कप. वर्ष ते दोन वर्षं: तीन-चारदा, पाऊण ते पूर्ण कप. नऊ महिन्यांनंतर मध्ये एक-दोनदा खाऊ, म्हणजे पिकलेलं केळं किंवा उकडलेल्या भाजीचा तुकडा. हे आकडे दिशा दाखवायला आहेत, वाटी संपवायला लावायला नाहीत.

पोत मात्र महिन्यागणिक बदलायलाच हवा. गुळगुळीत घोटलेलं जास्तीत जास्त महिनाभर. सातव्या-आठव्या महिन्यात गुठळ्या राहू द्या, हातात धरता येतील असे बोटाएवढे लांब मऊ तुकडे द्या. दहाव्या महिन्यापर्यंत बारीक चिरलेलं, वर्षाला घरातलंच जेवण. दात नाहीत म्हणून थांबू नका. मऊ अन्न चिरडायला हिरड्या पुरतात, आणि दाढा यायच्या तर खूप नंतर. गुठळ्यांची सवय नऊ-दहा महिन्यांच्या पुढे ढकलली की पुढे चावायचं अन्न नाकारण्याची शक्यता वाढते. दीड वर्षाचं मूल फक्त घोटलेलंच खातं, ही तक्रार बहुतेकदा इथूनच सुरू होते.

तुकडा पुरेसा मऊ आहे का? अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. सहज चिरडला तर द्या, नाही तर आणखी दहा मिनिटं शिजवा.

मीठ, साखर, मध, दूध

वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला एकूण एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं आणि दुधातून व अन्नातून तेवढं आपोआप मिळतं. एक ते तीन वर्षांत मर्यादा दोन ग्रॅम. सपाट लहान चमचाभर मिठाचं वजन साधारण सहा ग्रॅम असतं, म्हणजे चिमूट किती महाग पडते ते कळेल. अळणी बाळाला अळणी लागत नाही, लागतं ते चव घेऊन बघणाऱ्या मोठ्यांना. साखर आणि गूळही नको, दोन वर्षांपर्यंत तर नकोच. मसाल्याचा वास चालतो. जिरं, धणे, लसूण यांना हरकत नाही, तिखट तेवढं टाळा.

मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही, बोटाला लावून चाटवणंही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना रुजू देत नाही, बाळाचं देतं, आणि तयार होणाऱ्या विषाने स्नायू लुळे पडतात. घरच्या आचेवर हे बीजाणू मरत नाहीत, तेव्हा मध घालून भाजलेलं-शिजवलेलंही त्यात आलं.

वर्षानंतर दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा. त्याहून जास्त झालं की जेवणाची जागा दूध घेतं आणि लोह घटतं. "दूध भरपूर पितो, जेवतच नाही" यात दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. चहा एखादा घोटही नको, त्यातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात.

लोह मिळवायचं तर डाळी, कडधान्यं, अंडं, मांस, मासे. मांस-माशांतलं लोह सहज शोषलं जातं, वनस्पतींतलं अवघड. म्हणून डाळीच्या वाटीत लिंबाचे चार थेंब किंवा सोबत शिजलेला टोमॅटो, कारण सी जीवनसत्त्व हे शोषण वाढवतं. लिंबू आच बंद केल्यावर पिळा, उष्णतेने ते जीवनसत्त्व नासतं. कडधान्यं भिजवणं आणि मोड आणणंही इथे उपयोगी, त्याने लोह अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं. पालकाचा दबदबा मात्र त्यातल्या लोहापेक्षा मोठा आहे.

अंडं आणि शेंगदाणा लांबवू नका

ॲलर्जीच्या भीतीने हे पदार्थ वर्ष-दोन वर्षं टाळायचे, असा सल्ला पूर्वी दिला जायचा. तो उलटा निघाला. २०१५ साली ब्रिटनमधल्या 'लीप' अभ्यासाचे निष्कर्ष आले. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६०० हून अधिक बाळांपैकी ज्यांना लहानपणीच नियमित शेंगदाणा मिळाला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली.

द्यायची पद्धत अशी. बाळ ठणठणीत असेल त्या दिवशी, सकाळी किंवा दुपारी. रात्री नको, कारण नंतर दोन तास लक्ष ठेवायचं असतं. एका दिवशी एकच नवा पदार्थ. शेंगदाण्याचं गुळगुळीत लोणी दोन लहान चमचे घेऊन कोमट पाण्यात सैल करा. आधी चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं हळूहळू. घट्ट गोळा किंवा अख्खा दाणा कधीच नाही. अंडं पूर्ण कडक उकडून, कुस्करून. सोसलं तर पुढे आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा, एकदा देऊन सोडून दिलं तर उपयोग नाही.

अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, एकदम उलट्या हे दिसलं तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना गाठा. श्वास लागला, आवाज बसला, बाळ मलूल पडलं तर थेट तातडीची रुग्णसेवा. ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा आधीच एखादी ॲलर्जी ठरलेली आहे, त्याला पहिला घास देण्याआधी डॉक्टरांशी बोला. तोंडाभोवतीची नुसती लाली मात्र बऱ्याचदा टोमॅटो-लिंबाच्या आंबटपणाची असते आणि पुसल्यावर जाते.

ठसका वेगळा, घुसमट वेगळी

नवं खाताना बाळ उबळ काढतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, घास पुढे येतो. आवाज भरपूर. हे शरीराचं संरक्षण आहे. हात मागे ठेवा आणि वाट बघा. घाबरून तोंडात बोट घातलं तर पुढे आलेला घास मागे जातो. घुसमटीत आवाज नसतो. बाळ रडू शकत नाही, खोकू शकत नाही, ओठ निळे पडू लागतात.

घुसमट झाली तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्या. घास निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वर्षावरील मुलाला पाच थापा आणि मग पोटावर आत-वर पाच झटके. पोटावरचे झटके वर्षाच्या आत नाहीत. दरम्यान दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. बाळ बेशुद्ध झालं तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करायचा. हे वाचून हाताला येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर एकदा करून बघा, घरात जे जे भरवतात त्या सगळ्यांनी.

ही वेळच येऊ नये म्हणून: द्राक्ष आणि छोटा टोमॅटो लांबीत चार भाग करून (आडवा कापला तर चकती गोलच राहते आणि नेमकी बसते), गाजर-सफरचंद शिजवून किंवा बारीक किसून, अख्खा सुकामेवा आणि शेंगदाणा पाच वर्षांपर्यंत नाही, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्याही नाहीत. खाताना बाळ ताठ बसलेलं, पायाला टेकू, आणि मोठं माणूस समोर. पळता पळता, झोपून, गाडीच्या मागच्या सीटवर खाणं नको.

"नको" म्हणतं तेव्हा

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची केलेली वाटणी इथे उपयोगी पडते. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. भरवताना चमचा ओठांपासून थोडा लांब धरा आणि बाळाने स्वतः तोंड उघडायची वाट बघा. तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा ढकलला, की जेवण संपलं. "हा शेवटचा" म्हणत आणखी चार घास कोंबले की पुढच्या जेवणाला बाळ खुर्चीत बसतानाच रडतं.

नवी चव आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या वेळी तो पदार्थ बंद होतो. नाकारलेली भाजी तीन-चार दिवसांनी पुन्हा, चमचाभरच, ओळखीच्या पदार्थाशेजारी ठेवा. नाकारलं म्हणून लगेच दुसरा आवडता पदार्थ करून आणू नका, त्यातून मूल एवढंच शिकतं की नाही म्हटलं की बरं काहीतरी येतं.

वर्ष उलटल्यावर भूक कमी झाल्यासारखी वाटते आणि आजी-आजोबांसकट सगळे काळजीत पडतात. कारण साधं आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. एका जेवणाचा नाही, आठवड्याचा हिशेब बघा. वजन घटत असेल, प्रत्येक घासाला खोकला येत असेल किंवा गिळताना त्रास दिसत असेल तर मात्र दाखवायलाच हवं.

जेवण अर्ध्या तासाच्या आत संपवा. मोबाइल लावून भरवलं तर वाटी रिकामी होते हे खरं, पण पोट भरल्याची खूण मुलाला कळत नाही आणि महिनाभराने मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही.

उरलेलं ठेवताना

उष्ट्या चमच्याने ढवळलेली वाटी ठेवायची नाही, लाळेतले जंतू त्यात वाढतात. म्हणून लागेल तेवढंच वाटीत घ्या, मुख्य भांड्यात भरवायचा चमचा घालू नका.

भाताची जास्त काळजी घ्या. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात ताटलीत पसरून तासाभरात निववा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. डाळ-भाजी दोन दिवस चालते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली तर एकेक खडा म्हणजे साधारण मोठा चमचाभर, घाईच्या दिवशी दोन-तीन काढायचे. गरम करताना वाफ निघेपर्यंत, आणि एकदाच. मायक्रोवेव्हमध्ये अन्न एकसारखं तापत नाही, कुठे गार तर कुठे चटका बसेल असं गरम राहतं, तेव्हा ढवळून, मनगटावर थेंब टाकून मगच भरवा.

रांगतं मूल आणि शेगडी

पातेल्याचे दांडे आतल्या बाजूला, उकळतं भांडं मागच्या शेगडीवर, टेबलावर लोंबणारं कापड नाही. मांडीवर बाळ असताना हातात चहा नको, ओतून पंधरा मिनिटं झालेला चहाही लहान त्वचेला भाजतो. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, लोणी काही नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. फोड आला असेल किंवा तोंड, हात, जांघेत भाजलं असेल तर पाण्यानंतर लगेच डॉक्टर.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला स्वयंपाकघरातून हाकलण्यापेक्षा काम द्या. शेगडीपासून दोन हात लांब, जमिनीवर परात मांडून: पालेभाजीची पानं खुडणं, भाजी पाण्यात बुचकळणं, वाटीतली डाळ दुसऱ्या वाटीत ओतणं. सांडणार, म्हणून परात मोठी घ्या. आणि डाळ मोजण्याआधी खेळायला द्या, नंतर नाही, नाहीतर दोनास एकचं प्रमाण जमिनीवरून वेचावं लागेल.